धोंडू, केरू, भिकू : मुलांच्या काही चमत्कारिक नावांचा अर्थ



घरात मूल जन्मास आले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे व्हावयाचे, आणि त्याआधीचे आठ-दहा दिवस आजीपासून आत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असावयाचा : नाव काय ठेवावे? अलीकडे या प्रश्नास एक नवी अट येऊन मिळाली आहे. नाव असे पाहिजे की ते चाळीत, शाळेत किंवा नातलगांत दुसऱ्या कोणाचे असता कामा नये. त्यासाठी तरुण आईबाप कोश चाळतात, जाणत्यांस विचारतात. माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तराकडेही मधून मधून कोणी येते. मुलासाठी असाधारण नाव हवे, ही इच्छा काही वाईट नव्हे. परंतु बोलता बोलता पणजोबांच्या नावाचा विषय निघतो, ते नाव धोंडू किंवा केरबा असल्याचे कळते, आणि बैठकीत हशा पिकतो. 'कसली ही नावे! त्या लोकांना दुसरे काही सुचले नाही काय?' असे कोणीतरी म्हणतेच.

आज मला याच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. त्यांना दुसरे पुष्कळ सुचत होते. राम, कृष्ण, गोविंद, माधव ही नावे त्यांना पाठ होती. तरीही आपल्या लाडक्या मुलाला त्यांनी धोंडा म्हटले, केर म्हटले, भिकेत मिळालेला म्हटले. आणि ते जाणूनबुजून म्हटले. या नावांमागे अडाणीपणा किंवा अनास्था नव्हती. ज्या घरातील पहिली दोन-तीन मुले पाळण्यातच गेली होती, त्या घराने पुढचे मूल वाचावे म्हणून केलेला तो शेवटचा उपाय होता.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. पारस्कर गृह्यसूत्रात त्याचे नियम दिले आहेत. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे. त्याचा आरंभ घोषवर्णाने, म्हणजे ग, घ, द, ध, ब, भ अशांसारख्या वर्णाने व्हावा. मध्ये य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा. शेवट दीर्घ असावा. मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत. पाहण्यासारखी गोष्ट अशी की, 'धोंडो' हे नाव या कसोटीस निम्मेशिम्मे उतरते! अक्षरे दोन, आरंभी घोषवर्ण, शेवटी दीर्घ स्वर. तेव्हा कानाला ते नाव वाईट नाही. अडचण आहे ती अर्थाची.

आश्वलायनाच्या सूत्रात याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. मुलाला आणखी एक नाव द्यावे आणि मुंज होईपर्यंत ते केवळ आईबापांस ठाऊक असावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे नाव हे नुसते हाक मारण्याचे साधन नसून त्याच्याद्वारे माणसाला धरता येते, बाधा करता येते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. एकदा ही समजूत मान्य केली की पुढचे पाऊल सरळ आहे. चांगले नाव लपवून ठेवावे, नाही तर मृत्यूने ज्याकडे ढुंकूनही पाहू नये असे वाईट नाव उघडपणे द्यावे.

मृत्यूची ही धास्ती काल्पनिक नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, सरकारी नोंदींप्रमाणे, हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले वर्षाची होण्यापूर्वीच दगावत. पाचांत एक! वर्ष ओलांडलेल्यांना पुढे देवी, गोवर, हगवण आणि हिवताप गाठावयाचे ते निराळेच. त्यातही काही घरांवर असा घाला पडे की पाळणा हलावयाचा आणि महिन्याच्या आत रिकामा व्हावयाचा, आणि हे एकामागून एक तीन-चार वेळा घडावयाचे.

जन्मापासून सहाव्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी आपल्याकडे श्रद्धा. त्या रात्री सटवाईची पूजा करावयाची, तिच्यासाठी कागद आणि लेखणी ठेवावयाची, दिवा जळत ठेवावयाचा आणि बायकांनी जागरण करावयाचे, हा रिवाज पुष्कळ घरांत होता. ही भीतीची रात्र सहावीच का? याचे एक उत्तर वैद्यकशास्त्र देऊ शकते. नवजात बालकाच्या धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळ विळ्याने किंवा खुरप्याने कापली, जखमेवर राख किंवा शेण लावले, की ते अंगात शिरतात. पहिले दोन-तीन दिवस मूल चांगले दूध पिते. मग एकाएकी त्याचे तोंड मिटते, अंग ताठते आणि झटके येऊ लागतात. हे बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास घडते. जंतू कोणास ठाऊक नव्हते, पण तो आठवडा घातक आहे, हे सर्वांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून जे मूल सटवाईच्या पदरी घालून वाचले, त्याचे नाव सटवा किंवा सटवाजी. जत संस्थानच्या डफळे घराण्याचे मूळ पुरुष सटवाजी हे त्याच नावाचे होते.

आता या नावांचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार दगडाचा. धोंडू, धोंडो, धोंडीबा, दगडू, दगडोबा ही त्यांतील नावे. दगडाला दृष्ट लागत नाही, त्याला रोग होत नाही आणि काळाचे दात त्याच्यावर चालत नाहीत. शिवाय शेंदूर फासला की तोच देव होतो. मूल दगडासारखे टिकावे, हा हेतू. १८५७ च्या युद्धातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते, हे अनेकांना ठाऊक नसेल. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले. १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापिले आणि १९६२ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, ते निवर्तले. दगडाच्या नावाने इतके दीर्घ आयुष्य दुसऱ्या क्वचितच कोणी भोगले असेल. आणि पुण्यातील ज्या गणपतीच्या दर्शनास आज परदेशचे लोकही येतात, त्याला आपण दगडूशेठ हलवायांचा गणपती म्हणतो. ते नाव उच्चारताना कोणास हसू येत नाही.

दुसरा प्रकार केराचा. केरू, केरोबा, केरबा ही नावे 'केर' या शब्दावरून. विदर्भात उकिरड्याला उकंडा म्हणतात. तिकडे उकंडा हे माणसाचेही नाव आहे. पुष्कळ ठिकाणी हे नाव केवळ शब्दाने दिले जात नसे, तर त्यासाठी एक विधी होई. आधीची मुले गेलेली असली म्हणजे नव्या बाळाला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवावयाचे. जणू आईने त्याला टाकून दिले. मग सुईणीने किंवा शेजारणीने ते उचलावयाचे आणि 'मला हे केरात सापडले' म्हणून परत आणून द्यावयाचे. मृत्यू ज्या आईचे मूल न्यावयास टपला होता, तिचे ते मूल आता राहिलेच नाही. ते उकिरड्याचे झाले. यातील दुर्दैव असे की, ज्या उकिरड्याचे नाव देऊन आई मुलाला वाचवू पाहत होती, त्याच उकिरड्याच्या शेणमातीत धनुर्वाताचे बीज होते.

या नावाने कोणाचे काही बिघडले नाही, याचे उदाहरण म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. हे १८२५ साली जन्मलेले थोर गणिती आणि ज्योतिषी. ग्रहांचे गणित मराठीत सुलभ व्हावे म्हणून त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. केरूनानांचे नाव टिळक केवढ्या आदराने घेत, हे टिळकचरित्राच्या वाचकांस सांगावयास नको.

तिसरा प्रकार विकत घेतलेल्या किंवा भिकेत मिळालेल्या मुलांचा. भिकू, भिकाजी, भिकोबा हे भिकेचे. मूल आपले नव्हे, ते दुसऱ्याच्या दारी मागून आणले, असा त्यातील भाव. कोंडू, कोंडीबा, कोंडाजी ही नावे कोंड्यावरून. कोंडा म्हणजे धान्य कांडल्यावर उरलेले टरफल. शेजारणीला मूल द्यावयाचे आणि सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून ते परत घ्यावयाचे. इतक्या स्वस्तात मिळालेल्या वस्तूकडे काळ कशाला पाहील? परंतु कोंड्याच्या मोलाचा हा माणूस पुढे काय करील, हे कोणी सांगावे? १६७३ साली अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळ्यासारखा किल्ला एका रात्रीत घेणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सरदाराचे नाव कोंडाजी फर्जंद असे होते.

चौथा प्रकार वेषांतराचा. मृत्यूला मुलगेच हवे असतात, अशा समजुतीने मुलाचे नाक टोचून त्यात नथ किंवा मुरणी घालावयाची आणि काही वर्षे त्याला परकर नेसवावयाचा. अशा मुलाचे नाव नथू. पाचवा प्रकार थेट स्मशानाचा. मसणू, मसणाजी ही नावे मसणावरून. जो आधीच मसणाचा, त्याला तेथे न्यावयाचे ते काय!

येथे सावधगिरीची एक सूचना दिली पाहिजे. एकाच नावाला येण्याचे रस्ते अनेक असतात. नाथू हे नाव नाथपंथाच्या भक्तीनेही पडते. शिवाय कित्येकदा मूल झाले म्हणजे आजोबांचे नाव नातवास ठेवावयाचे, या रिवाजाने धोंडो पिढ्यान् पिढ्या चालत येतो आणि मूळ कारण कोणाच्याही ध्यानात राहत नाही. म्हणून नावावरून कोणाच्या घराचा इतिहास परस्पर ठरवू नये, घरातल्यांना विचारावे.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची असती तर तिला आपली एक खोड म्हणता आले असते. तसे नाही. तमिळ भाषेत 'कुप्पै' म्हणजे केर. त्यावरून कुप्पन् आणि कुप्पुस्वामी ही नावे. संस्कृत विद्येत ज्यांचा अधिकार सर्वमान्य होता ते मद्रासचे महामहोपाध्याय कुप्पुस्वामी शास्त्री हे नावापुरते आपल्या केरूनानांचे भाऊबंदच. बंगाल्यात तीन कवड्यांना विकत घेतलेला तो तिनकडी, पाच कवड्यांचा तो पाँचकडी.

बंगाल्यातीलच एक नाव तर साऱ्या देशास ठाऊक आहे. मेदिनीपूर जिल्ह्यातील एका घरात दोन मुलगे लहानपणीच गेले. १८८९ साली तिसरा मुलगा झाला, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने तीन मुठी खुद आईला देऊन तो विकत घेतला. खुद म्हणजे तांदळाच्या कण्या. म्हणून त्याचे नाव क्षुदिराम, ज्याला आपण खुदीराम बोस म्हणतो. आपला कोंडाजी आणि बंगालचा खुदीराम यांच्या नावांची जात एकच, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. बहिणीने मृत्यूच्या हातून कण्यांच्या मोलाने सोडविलेला हा मुलगा ११ ऑगस्ट १९०८ रोजी, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, मुझफ्फरपूरच्या तुरुंगात फासावर चढला. ज्या बाँबच्या प्रकरणात तो पकडला गेला, त्याविषयी 'केसरी'त लिहिलेल्या लेखांबद्दलच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. तेव्हा खुदीरामाचे नाव आपल्या घरीही परके नाही.

आणि ही भीती गरिबाच्याच झोपडीत होती असेही नव्हे. जपानमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशी हा सर्व देशाचा सत्ताधीश होता. पन्नाशी उलटल्यावर, १५८९ साली, त्याला मुलगा झाला. त्याचे बाळपणीचे नाव त्याने 'सुते' ठेविले, म्हणजे 'टाकून दिलेला'. तो मुलगा १५९१ साली वारला. १५९३ साली दुसरा झाला. त्याला 'हिरोई' म्हणू लागले, म्हणजे 'उचलून आणलेला'. हा दुसरा मुलगा जगला आणि हिदेयोरी या नावाने प्रसिद्ध झाला. हाती एवढे सैन्य आणि खजिना असूनही बाळाच्या पाळण्यापाशी त्या सत्ताधीशाला आमच्या खेड्यातल्या सुईणीचाच उपाय करावा लागला.

आपल्या प्राचीन वाङ्मयातही विचित्र नावे आढळतात. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाच्या दरिद्री ब्राह्मणाच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशी दिली आहेत. तिन्हींचा अर्थ कुत्र्याचे शेपूट! त्यांतील मधल्या मुलाला बापाने शंभर गाईंच्या मोबदल्यात यज्ञात बळी देण्यासाठी विकले, अशी ती कथा आहे. येथे फरक पाहण्यासारखा आहे. अजीगर्ताने मूल खरोखरच विकले. आमच्या आयांनी ते विकण्याचे केवळ सोंग केले, आणि तेही ते मूल आपल्यापाशी राहावे म्हणून.

येथवर मी या नावांची बाजू घेतली. परंतु शिक्षकाने अर्धाच धडा शिकवून थांबू नये. या नावांना दुसरी एक बाजू आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांविषयी एक श्लोक आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असे तो सांगतो. जुगुप्सित म्हणजे ज्याची किळस यावी असे. म्हणजे एका घरी जे नाव आईने मायेने दिले, तेच दुसऱ्या घरावर समाजाने लादले. याची खूण नावाच्या शेपटात दिसते. नाव एकच, धोंडा. पण वाड्यात राहणारा तो धोंडोपंत, शेतकरी तो धोंडीबा, आणि गावकुसाबाहेरचा तो नुसता धोंड्या. दगड सर्वांचा सारखाच. 'पंत' आणि 'या' यांतील अंतर मात्र जातीने ठरविलेले. जुने दस्तऐवज, पावत्या आणि हजेरीपट उघडून पाहिले म्हणजे हे अंतर आजही शाईत वाचावयास मिळते. साठ वर्षांच्या म्हाताऱ्यालाही 'या' लावून हाक मारणारा दहा वर्षांचा पोर ज्या गावात होता, त्या गावात ते नाव कवच नव्हते, डाग होता.

म्हणून ज्यांच्यावर हा डाग लादला गेला त्यांनी तो पुसून टाकला, हे योग्यच झाले. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. १९४६ साली मुंबईत त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले; पुढे, तेव्हा औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हटल्या जाणाऱ्या शहरात काढलेल्या महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतरच्या पिढीत घरोघर सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद ही नावे दिसू लागली. यांतील मिलिंद हा मूळचा मिनँडर नावाचा ग्रीक राजा. भिक्षू नागसेनाला त्याने धर्माविषयी प्रश्न विचारले आणि त्या संवादांतून 'मिलिंदपञ्हो' हा पाली ग्रंथ झाला. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव आपल्या मुलाला द्यावयाचे, यात केवढा अर्थ भरला आहे, हे मी अधिक सांगत नाही.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. मुलाला धोंडू म्हणणे हे मृत्यूशी बोललेले खोटे होते. मुलींच्या बाबतीत मात्र 'नकुशी' किंवा 'नकुसा' असे नाव काही घरांनी ठेविले, आणि ते खरेच होते. मुलगी नको होती म्हणून नकुशी. सातारा येथे २०११ साली सरकारी समारंभ करून अशा दोनशेंहून अधिक मुलींची नावे बदलण्यात आली आणि त्यांना स्वतःच्या आवडीची नवी नावे मिळाली. दोन्ही नावे वरवर सारखी वाटतात. पण एकात 'तू हवास' हे दडविलेले आहे आणि दुसऱ्यात 'तू नकोस' हे उघड केलेले आहे. ज्यांना नावांचा अर्थ कळतो त्यांनी या दोहोंना एका मापाने मोजू नये.

आता ही धोंडू-केरूची नावे गेली कोठे? आपली आवडनिवड बदलली, हे एक कारण झाले. पण मोठे कारण असे की, त्यांची गरज उरली नाही. हिंदुस्थानात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली ती व्याधी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस टोचावयाची, प्रसूती स्वच्छ जागी करावयाची आणि नाळ निर्जंतुक पात्याने कापावयाची, एवढ्या साध्या गोष्टींनी ती सहाव्या रात्रीची भीती संपत आली. माता आणि नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणे दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या भारतात २८ आणि महाराष्ट्रात १६ होती. कोठे दोनशे आणि कोठे सोळा! आज बापाला मुलाचे नाव निर्धास्तपणे निवडता येते, कोश चाळून हौसेने असाधारण नाव शोधता येते, ते या निर्धास्तपणामुळे. सोळा हा आकडाही काही शून्य नव्हे, हे मात्र विसरू नये. त्या सोळा घरांचे दुःख पूर्वीच्या घरांइतकेच आहे.

नाव गेले तरी त्याची खूण अजून आपल्या कागदोपत्री आहे. आपल्या महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावण्याची रीत असल्यामुळे ती टिकली. र. धों. कर्वे, 'गोट्या'चे लेखक ना. धों. ताम्हनकर, रानातले कवी ना. धों. महानोर यांच्या नावांतील तो 'धों.' म्हणजे कोणा एका घरातील धोंडाच होय. 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे रा. भि. गुंजीकर, प्रवासवर्णनकार रा. भि. जोशी आणि समीक्षक द. भि. कुलकर्णी यांच्या नावांतील 'भि.' म्हणजे भिकाजी. मराठी वाङ्मयाच्या ग्रंथालयात आपण शिरलो म्हणजे ही आद्याक्षरे पाठीमागून आपल्याकडे पाहत असतात. या लेखकांनी ती कधी गाळली नाहीत.

अलीकडे मात्र काही तरुण बापाचे किंवा आजोबांचे नाव सांगण्यास संकोचतात. कोणी राजपत्रात जाहीर करून ते बदलूनही घेतात. ज्याच्या घरावर ते नाव तुच्छतेने लादले गेले असेल त्याने ते अवश्य बदलावे. त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु ज्याच्या घरी ते मायेने दिले गेले, त्याने ते बदलण्यापूर्वी एकदा घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि विचारावे : आजोबांच्या आधी किती भावंडे गेली होती? सूप कोणी उचलले? कोंडा कोणी दिला? पुष्कळ घरांत याचे उत्तर देणारे माणूस आज नव्वदीत आहे आणि उद्या असेलच असे नाही. ते उत्तर एखाद्या वहीत लिहून ठेवावे. तुमच्या घराचा इतिहास त्यापासून सुरू होतो.

आणि ज्यांच्या घरी लवकरच बारसे व्हावयाचे आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलाला असाधारण नाव अवश्य द्या. पण ते केवळ दुसऱ्या कोणाचे नाही एवढ्यासाठी देऊ नका. मूल मोठे झाल्यावर 'माझे हे नाव का ठेविले?' असे विचारील, तेव्हा त्याला सांगण्याजोगे काहीतरी आपल्यापाशी असू द्या. धोंडूच्या आईपाशी ते होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, कोश तिने कधी पाहिला नव्हता. पण आपल्या मुलाच्या नावाचा अर्थ तिला नेमका ठाऊक होता. तू जगावास, एवढाच तो अर्थ.